ड्रायव्हरचा चष्मा

रेजिना मालेकला बसमध्ये मागे बसलं की मळमळायचं, म्हणून ती नेहमी पुढची जागा धरायची. फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारीही तिने ती धरली. बस लागायच्या अर्धा तास आधीच ती चर्चच्या दारात थंडीत येऊन उभी राहिली आणि बसचं दार उघडताच, गुडघे कुरकुरत असूनही, सगळ्यांच्या आधी आत शिरली. ड्रायव्हरच्या उजव्या हाताची पहिली सीट. समोर भली मोठी काच, आणि काचेच्या वर लांबट आरसा. त्या आरशात ड्रायव्हरचा अख्खा चेहरा दिसायचा.

तिची नणंद लॉटी शेजारी येऊन टेकली. लॉटी सत्तरीची, रेजिनाहून दोन वर्षांनी मोठी, पण ओठ रंगवल्याशिवाय घराबाहेर पडायची नाही. आज डोक्यावर लाल टोपी होती.

"आज मी कोपऱ्यातलं मशीन सोडणार नाही," लॉटी म्हणाली. "मागच्या वेळी त्या हेलनने ढापलं माझं."

"तुझ्या नावावर केलंय का कुणी ते?"

"तू बस कोळंबी खात. जुगाराच्या गावी जाऊन कोळंबी खाणारी अख्ख्या फिलाडेल्फियात तू एकटीच."

चर्चच्या ज्येष्ठ मंडळाची ही सहल दर दोन महिन्यांनी निघायची. सकाळी नऊला पोर्ट रिचमंडहून बस, साडेदहाला अटलांटिक सिटी, संध्याकाळी पाचला परतीची बस. तिकिटाचे पैसे कॅसिनोवाले जवळजवळ सगळे नाण्यांच्या पुडक्यात परत द्यायचे, वर जेवणाचं कूपन. हिवाळ्यात घरात भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा बरं, म्हणून लोक यायचे. सहलीचा कारभार झिगी व्ह्रोनाकडे होता. झिगी साखर कारखान्यातला निवृत्त मुकादम, गळ्यात शिट्टी, हातात नावांची यादी. त्याने माणसं मोजली, शेहेचाळीस भरली, शिट्टी वाजवली.

ड्रायव्हर नवा होता. पंचेचाळिशीचा, सडपातळ, जाड भिंगांचा तपकिरी चष्मा. "सुप्रभात मंडळी, मी व्हर्नन," तो माइकवरून म्हणाला, "आरामात बसा." आवाज चांगला होता. पण बोलून झाल्यावर माइक जागेवर अडकवायला त्याला तीनदा प्रयत्न करावा लागला.

रेजिनाने ते पाहिलं, आणि काही मनावर घेतलं नाही.

पूल ओलांडताना त्याने आपल्या बाजूची खिडकी उघडली. बाहेर पाणी गोठेल अशी थंडी. मागून दोघा-तिघांनी आरडाओरडा केला तेव्हा त्याने ती लावली, आणि दोन मिनिटांनी पुन्हा बोटभर उघडली. मग तो कान चोळायला लागला. कानाची पाळी दोन बोटांत धरून पिळायचा. मग स्वतःच्या मांडीवर चापट मारायचा. रेजिना सीटच्या कडेवर सरकून बसली.

पुढे दोन्ही बाजूंना पाइनची झाडं सुरू झाली. सरळ रस्ता, मैलोन् मैल तेच झाड, तोच करडा उजेड. मागे कुणीतरी पत्ते काढले होते, कुणी डोनट वाटत होतं. रेजिना आरशात पाहत होती. व्हर्ननची मान ताठ होती, हात चाकावर होते, डोळे उघडे होते. आणि बस उजवीकडे सरकत होती. झटका नाही, वळण नाही. टेबल जरासं कललेलं असावं आणि त्यावरून पेला घरंगळत जावा, तशी. पांढरी रेघ चाकाखाली गेली. मग खडी. खडखड आवाज आला, डोनटचं खोकं खाली पडलं, झाडं एकदम मोठी झाली, आणि व्हर्ननच्या अंगात कुणीतरी परत आल्यासारखं झालं. त्याने चाक फिरवलं. बस रस्त्यावर आली.

"ओ ड्रायव्हर!" मागून कुणीतरी ओरडलं. "कॅसिनोला जायचंय आम्हाला, लाकडं तोडायला नाही!"

सगळे हसले. व्हर्ननने मागे न बघता हात वर केला. मग पुन्हा कान पिळला.

"बघितलंस?" रेजिना लॉटीला म्हणाली.

"काय बघायचंय? वारा असेल."

"लॉटी, तो झोपला होता."

"डोळे उघडे आहेत त्याचे. मला इथून दिसतायत."

"तेच तर म्हणते मी."

लॉटीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. रंगवलेले ओठ बारीक झाले. "रेजिना, आज नको हं. एक दिवस मजेत जाऊ दे."

लॉटी असं का म्हणाली हे दोघींनाही ठाऊक होतं. रेजिनाचा नवरा स्टॅन, म्हणजे लॉटीचा धाकटा भाऊ, नऊ वर्षांपूर्वी असाच रस्त्यावर गेला होता. तो पावाची गाडी चालवायचा. पहाटे निघाला, आणि उजाडताना गाडी पुलाच्या कठड्यात सापडली. रस्त्यावर बर्फ होता असं सगळ्यांनी मानलं. लॉटीने तर पाद्रीबाबांना, शेजाऱ्यांना, विमेवाल्याला, ज्याला त्याला तेच सांगितलं: बर्फ होता. रेजिनाने कधी खोडून काढलं नाही.

कॅसिनोच्या मागच्या अंगणात बस थांबली. लोक उतरले, नाण्यांची पुडकी घेऊन एखाद्या शाळेच्या सहलीसारखे आत पळाले. रेजिना मुद्दाम मागे राहिली. पायरीवरून उतरताना तिने व्हर्ननला जवळून पाहिलं. त्याच्या डोळ्यांच्या कडा लाल होत्या आणि गालावर एका बाजूची दाढी तशीच राहिली होती.

"काल रात्री झोपलात का तुम्ही?" तिने विचारलं.

"झोपलो ना मॅडम. मस्त झोपलो." उत्तर फार लवकर आलं.

"आता पाच वाजेपर्यंत विश्रांती घ्याल ना?"

"तेच करणार. शुभेच्छा हं मॅडम, जिंकून या."

आत नेहमीचा गोंगाट होता. मशीनच्या घंटा, नाण्यांचा खळखळाट, सिगरेटचा धूर, आणि कुठेच घड्याळ नाही, खिडकी नाही. लॉटीने आपलं कोपऱ्यातलं मशीन गाठलं आणि लाल टोपी शेजारच्या स्टुलावर ठेवून तीही जागा अडवून टाकली. रेजिनाने जेवणाचं कूपन घेतलं, कोळंबीच्या बशीसमोर बसली, आणि बशी तशीच बाजूला सारली. साडेबाराला ती उठली आणि बस बघायला मागच्या अंगणात गेली.

बस नव्हती.

तिथल्या लाकडी खोपटात जाड स्वेटर घातलेला म्हातारा पहारेकरी सूप पीत होता. त्याने चमच्यानेच रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं.

"ती गेली. केप मे गावाला. त्यांच्या कंपनीचा दुसरा ड्रायव्हर आला नाही म्हणे, तिकडं एक लग्नाचं वऱ्हाड खोळंबलं होतं. याला पाठवलं."

"पण तो झोपणार होता!"

"इथं झोपायला कोण येतं बाई?" म्हातारा हसला. मग तिचा चेहरा बघून हसणं आवरलं. "साडेचारपर्यंत येईल परत. सकाळीसुद्धा जरा डळमळतच उतरला. बाल्टिमोरची रात्रीची फेरी करून आलो म्हणाला. मी कॉफी दिली त्याला."

रेजिना खोपटाच्या दारातच उभी राहिली. रात्रीची फेरी, मग आपली, मग वऱ्हाड, मग पुन्हा आपली. तिने बोटांवर मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

ती आत जाऊन झिगीला शोधत फिरली. तो बरगड्यांचं मांस खात बसला होता, शिट्टी पाठीवर टाकलेली, हनुवटीला रस्सा लागलेला. तिने सगळं सांगितलं. झिगीने रुमालाने तोंड पुसलं.

"हे बघ रेजिना, कंपनी परवानगी असल्याशिवाय पाठवेल का?"

"पण झिगी, मी डोळ्यांनी बघितलंय. बस खडीत गेली की नाही?"

"गेली, आली. माझी गाडी दर रविवारी जाते." त्याने जरा दम घेतला. मग आवाज मऊ केला, आणि तेच तिला जास्त लागलं. "स्टॅनचं झाल्यापासून तुला प्रत्येक ड्रायव्हर झोपलेलाच दिसतो. मागच्या वर्षी त्या आयरिश पोरालाही तू हेच म्हणालीस. पोचलो की नाही घरी?"

ते खरं होतं. मागच्या वर्षीही तिला तसं वाटलं होतं, आणि ते घरी पोचले होते.

तिने कंपनीला फोन लावला. बसच्या तिकिटाच्या मागे नंबर होता. एका मुलीने उचलला, नाव विचारलं, आणि म्हणाली, "तक्रार लेखी पाठवा मावशी. आठ दिवसांत उत्तर येतं."

"आठ दिवसांत? बस पाचला आहे."

"मग आता मी काय करू शकते सांगा?"

रेजिनाने कोटाची बटणं लावली आणि बाहेर समुद्राकडे गेली. किनाऱ्यालगतच्या लाकडी फळ्यांच्या रस्त्यावर माणूस नव्हता. पाहुण्यांना फिरवायच्या चाकांच्या आरामखुर्च्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून भिंतीला लावल्या होत्या, भविष्य सांगणाऱ्या बाईचं दुकान बंद होतं, टॅफीच्या गोळ्यांच्या दुकानात एक मुलगी एकटीच रेडिओ ऐकत होती. समुद्र शिशासारखा पडला होता. लाट फुटायची, पण वाऱ्यात तिचा आवाजच यायचा नाही. मागे वळून पाहिलं की कॅसिनोच्या उंच सोनेरी भिंती, आणि त्यांच्या पलीकडे पडकी घरं, मोकळे प्लॉट, कुंपणाला अडकलेल्या पिशव्या. रेजिना एका बाकावर बसली. एक सीगल तिच्यासमोर येऊन उभा राहिला, आणि खायला काही मिळत नाही हे कळूनही गेला नाही.

तिला स्टॅन दिसत होता. त्या पहाटे तो स्वयंपाकघरात बुटाची नाडी बांधायला वाकला होता. आजारी माणसाच्या बदली तिसरी रात्र होती त्याची. नाडी हातात धरून तो तसाच राहिला. डोळे उघडे. मिनिटभर, जास्तच. त्या डोळ्यांत स्टॅन नव्हता. आणि रेजिना चुलीपाशी उभी राहून काय म्हणाली? तिने त्याच्या खांद्याला धरून हलवलं आणि म्हणाली, "उठा, उशीर होतोय."

हे तिने नऊ वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं. पाद्रीबाबांपुढे कबुली देतानाही नाही. त्यांच्या यादीत ते पाप म्हणून बसतच नव्हतं.

चारच्या सुमाराला ती लॉटीकडे गेली. लॉटीचा डबा नाण्यांनी अर्धा भरला होता आणि बोटं काळी झाली होती.

"आपण दोघी दुसऱ्या बसने जाऊ या," रेजिना म्हणाली. "साधी बस असते. स्थानकावरून सुटते."

"आणि चर्चपर्यंत चालत? बर्फातून?"

"मी टॅक्सी करते."

"तुझं डोकं फिरलंय. अगं बघ, आत्ता पडणार आहे हे, मला कळतं." लॉटीने दांडा ओढला. तीन वेगवेगळी चित्रं आली. "तुझ्यामुळे गेलं. जा बघू इथून."

रेजिना तिथेच उभी राहिली. तिला वाटलं, जावं एकटीनेच. मग वाटलं, लॉटी बसमध्ये, आणि हेलन, आणि तो झिगी मूर्ख, आणि दोन काठ्या घेऊन चालणारी मिसेस दुदेक. आणि आपण टॅक्सीत. रात्री फोनची वाट बघत बसायचं. ते तिच्याने झालं नसतं.

बसच्या प्रवाशांसाठी मागच्या दाराशी एक हॉल होता. लाल गाद्यांच्या खुर्च्या, कॉफीचं मशीन, भिंतीवर घड्याळ. अख्ख्या कॅसिनोत तेवढंच एक. साडेचार वाजून गेले होते. व्हर्नन कोपऱ्यातल्या खुर्चीत होता. डोकं मागे भिंतीला टेकलेलं, तोंड उघडं, हात मांड्यांवर उताणे. शेजारच्या टेबलावर न प्यायलेली कॉफी, आणि कॉफीजवळ चष्मा.

चष्म्याशिवाय त्याचा चेहरा लहान मुलासारखा दिसत होता. नाकावर दोन लाल खड्डे पडले होते.

रेजिना त्याच्यासमोर किती वेळ उभी होती तिला कळलं नाही. हॉलमध्ये आणखी कुणी नव्हतं. तिने हात पुढे केला, चष्मा उचलला, दांड्या मिटल्या आणि पर्समध्ये टाकला. आयुष्यात तिने दुकानातून कधी टाचणीसुद्धा उचलली नव्हती. ती पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसली. पण मनात एक गोष्ट पक्की होती: एवढ्या जाड भिंगांच्या माणसाला चष्म्याशिवाय कोण गाडी चालवू देईल? आता दुसरा ड्रायव्हर आणावाच लागेल.

पावणेपाचला झिगी शिट्टी वाजवत आला आणि व्हर्नन दचकून जागा झाला. त्याचा हात टेबलावर गेला. मग टेबलाखाली. मग खिशांत.

"माझा चष्मा," तो म्हणाला. "इथं होता माझा चष्मा."

लोक जमायला लागले होते. सगळे शोधायला लागले. हेलनने गाद्या उचलल्या, कुणी कचऱ्याचा डबा उपडा केला. लॉटीसुद्धा गुडघ्यांवर बसून खुर्च्यांखाली बघत होती. रेजिना पर्स पोटाशी धरून बसून होती. "तू काय बघत बसलीस, ऊठ की," लॉटी म्हणाली. रेजिनाने वाकून उगाच जमिनीवरून हात फिरवला.

पाच वाजून दहा मिनिटं झाली. बाहेर उजेड उतरायला लागला होता. व्हर्नन हॉलच्या मधोमध उभा होता, डोळे बारीक करून, प्रत्येक चेहऱ्याकडे वळून बघत, पण चेहरा त्याला दिसत नव्हता.

"दुसरा चष्मा आहे का गाडीत?" झिगीने विचारलं.

"नाही." व्हर्ननने डोळे चोळले. मग तो म्हणाला, "असू दे. चला. रस्ता पाठ आहे मला. सरळ तर आहे. पुढच्या गाडीचे दिवे दिसतात, तेवढं बास."

रेजिनाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"नक्की ना?" झिगी म्हणाला.

"मला सात वाजता गाडी जमा करायची आहे साहेब. उशीर झाला तर..." त्याने वाक्य सोडून दिलं. "जमेल मला."

"ऐकलंत ना मंडळी, चला!" झिगीने शिट्टी वाजवली.

आणि लोक चढायला लागले. थकलेले होते, पाय दुखत होते, घरी मांजरं उपाशी होती. कुणी थांबलं नाही. मिसेस दुदेकच्या काठ्या वर दिल्या गेल्या, मग मिसेस दुदेक. लॉटी आज तिसऱ्या रांगेत जाऊन बसली, रेजिनापासून लांब. व्हर्ननने बस सुरू केली. रेजिना खाली, उघड्या दारासमोर. झोपलेला माणूस आंधळाही करून ठेवला होता तिने.

ती पायऱ्या चढली. आपल्या सीटवर बसली नाही. ड्रायव्हरच्या शेजारी, दाराच्या दांडीला धरून उभी राहिली आणि वळली.

"चष्मा माझ्याकडे आहे," ती म्हणाली.

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही.

"मी घेतला. पर्समध्ये आहे. आणि मी देणार नाही. हा माणूस काल रात्रीपासून गाडी चालवतोय. बाल्टिमोर, मग आपण, मग केप मे. सकाळी तुम्ही सगळे हसलात, तेव्हा तो झोपलेला होता."

मग जो गलका झाला तो अख्ख्या अंगणात ऐकू गेला असेल. हेलन म्हणाली, हिला पोलिसात द्या. कुणी म्हणालं, चोरटी. पत्ते खेळणारे दोघं उठून उभे राहिले. झिगी लालबुंद झाला होता. "पर्स आण इकडे! रेजिना, शेवटचं सांगतो, दे तो चष्मा, नाहीतर आयुष्यात पुन्हा माझ्या यादीत तुझं नाव दिसणार नाही!"

"नको दिसू दे."

"बाई, तुझा नवरा बर्फावरून घसरला म्हणून आम्ही सगळ्यांनी पायी फिरायचं का?"

"तो बर्फावरून घसरला नाही," रेजिना म्हणाली.  ती झिगीकडे बघत नव्हती, तिसऱ्या रांगेकडे बघत होती. "बर्फ नव्हता, लॉटी. तो झोपला होता. घरातच झोपला होता, बुटाची नाडी बांधताना, उघड्या डोळ्यांनी. मी पाहिलं. आणि मी त्याला हलवून उठवलं आणि म्हटलं, उशीर होतोय."

लॉटीने तोंडावर हात नेला. गलका कमी झाला, पण थांबला नाही. मागच्यांना ऐकू आलं नव्हतं, ते अजून ओरडतच होते. "ड्रायव्हर, तू सांग ना हिला!" कुणीतरी म्हणालं. "अरे ड्रायव्हर!"

व्हर्नन काही बोलला नाही.

झिगी त्याच्याकडे वळला. "अहो, तुम्ही बोला काहीतरी..."

व्हर्नन ताठ बसला होता. दोन्ही हात चाकावर, पाय पेडलवर, इंजिन चालू. समोरच्या काचेतून बघत होता. डोळे उघडे होते. झिगीने त्यांच्यासमोर हात हलवला. पापणी हलली नाही. त्याचा ओठ जरासा सुटला, आणि एक संथ, जड श्वास आला. शेहेचाळीस माणसं त्याच्या कानाशी किंचाळत होती, आणि तो झोपला होता.

पुढच्या रांगा गप्प झाल्या. मग त्यांच्या मागच्या. शांतता सीटांमागून सीटा ओलांडत शेवटपर्यंत गेली, आणि मग फक्त इंजिनाची घरघर राहिली. हेलनने छातीवर क्रूस काढला.

झिगीने हळूच हात घातला आणि किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं तरी व्हर्नन उठला नाही.

लोक पाय न वाजवता उतरले. लॉटी सगळ्यांत शेवटी आली. ती व्हर्ननच्या सीटपाशी थांबली आणि वाकून त्याच्या डोळ्यांत बघत राहिली, इतका वेळ की रेजिनाला तिचा हात धरून ओढावं लागलं. "असे?" लॉटीने विचारलं. "असे होते त्याचे?" रेजिनाने होकाराची मान हलवली.

झिगीने फोन करून मागवलेली दुसरी बस सातला आली. ती येईपर्यंत सगळे हॉलमध्ये बसून होते. रेजिनाशी कुणी बोललं नाही; भांडलंही नाही. मिसेस दुदेकने तेवढा कॉफीचा एक पेला तिच्यासमोर आणून ठेवला. रेजिना एकदा बाहेर जाऊन आली. व्हर्ननला कुणीतरी मागच्या सीटवर आडवं केलं होतं आणि पहारेकऱ्याने आपला स्वेटर त्याच्या अंगावर टाकला होता. तिने चष्मा त्याच्या वरच्या खिशात ठेवला. परतीच्या वाटेवर लॉटी तिच्या शेजारी बसली होती, खिडकीकडे तोंड करून.  पूल आल्यावर म्हणाली, "मला सांगायला हवं होतंस." आणि थोड्या वेळाने, "नाही, नको होतं सांगायला." चर्चपाशी उतरून ती आपल्या गल्लीत निघून गेली. तीन दिवसांनी, शुक्रवारी, मासे आणायला बरोबर येतेस का असा तिचा फोन आला.

पुढच्या सहलीच्या यादीत रेजिनाचं नाव नव्हतं. बस मात्र निघाली, भरून.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी फोन वाजला. बाईचा आवाज, अनोळखी.

"चष्मा घेणाऱ्या तुम्हीच का?"

रेजिना खुर्चीत बसली. "हो."

"मी व्हर्ननची बायको. नंबर तुमच्या चर्चमधून घेतला. त्याला काढून टाकलं, ठाऊक आहे ना? गाडी चालवण्याच्या लायकीचा नाही, असं लिहून दिलंय. दोनदा फेरीला नाही म्हणाला होता तो, तेव्हा ऐकलं नाही कुणी. आता कुणी घेत नाही त्याला." बाईचा आवाज चढलेला नव्हता. "भांडायला नाही केला फोन. तुमचा आवाज कसा आहे ते ऐकायचं होतं."

रेजिनाने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. माफी मागावी असं वाटलं, आणि मागितली तर ते खोटं होईल असंही वाटलं.

"तो झोपतो का आता?" तिने शेवटी विचारलं.

तिकडे मागे कुठेतरी टीव्हीचा आवाज येत होता, पोरांचा येत होता.

"झोपतो," बाई म्हणाली. "दिवसभर झोपतो. पोरांना मी आवाज करू देत नाही." आणि जरा थांबून, आणखी खालच्या आवाजात, "कधीकधी डोळे उघडे असतात. मी जाऊन श्वास चालू आहे का बघते."

फोन ठेवला गेला. रेजिनाने रिसीव्हर जागेवर ठेवला, आणि संध्याकाळ होईपर्यंत ती दिवा न लावता तिथेच बसून राहिली.